फिनेलबाईंच्या बरण्या

माझी आत्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायची. हीच तिची नोकरी. रुग्णाची थुंकी, लघवी, जखमेतला पू असं जे काही येईल ते तारेच्या टोकानं बशीतल्या जेलीवर पसरायचं, बशी सदतीस अंशांच्या उबदार कपाटात ठेवायची, दुसऱ्या दिवशी काय उगवलंय ते बघायचं आणि त्याला कुठलं औषध मारतं ते शोधून डॉक्टरांना कळवायचं. तेहतीस वर्षं तिनं हे काम डोळ्यांत तेल घालून केलं. काही जंतू तर ती झाकण जरा उचलून नुसत्या वासावर ओळखायची. एकाला द्राक्षांचा वास येतो म्हणायची. असं हुंगणं नियमात बसत नव्हतं, पण तिला नियम सांगायची हिंमत कोणात नव्हती.

प्रयोगशाळेत तिला सगळे माघारी ‘फिनेलबाई’ म्हणत. तिला ते माहीत होतं. तिला त्यात काही वावगंही वाटत नसे.

आमच्या इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो आणि ती दुसऱ्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर. दोन खोल्या, एक न्हाणीघर, आणि दारातच हात धुवायचं बेसिन, जे तिनं प्लंबरशी भांडून मुद्दाम तिथं बसवून घेतलं होतं. पाहुणा आला की चपला, हात, मग खुर्ची, हा क्रम. लग्न तिनं केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, “आधी हात धुऊन या, मग बोलू,” आणि माणूस तो विषय सोडून द्यायचा.

बाबा तिचे धाकटे भाऊ. ते तिला ‘ताई’ म्हणत आणि तिच्यापुढे फारसं बोलत नसत. आई तिला ‘वन्सं’ म्हणायची आणि तीही फारसं बोलत नसे, पण आईच्या न बोलण्याचा अर्थ वेगळा होता.

आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम बरण्या असायच्या. कोबी, गाजर, मुळा, बीट, कधी फरसबी. चिरायचं, मीठ लावायचं, पाणी सुटेपर्यंत चुरायचं, बरणीत दाबून भरायचं, वर एक स्वच्छ काचेची वाटी वजनाला ठेवायची आणि वाट बघायची. दोन-तीन दिवसांत बरणीत बुडबुडे यायला लागत. आई रोज सकाळी झाकण सैल करून हवा सोडायची. ती ‘फुस्स’ ऐकायला मी शाळेच्या आधी खिडकीशी उभी राहायचे. दोन आठवड्यांत भाजी आंबट, करकरीत व्हायची. आई हे तिच्या आईकडून शिकली होती. त्यात काय होतं, का होतं, हे तिनं कधी विचारलं नाही. चांगलं लागतं आणि टिकतं, एवढं तिला पुरे होतं.

आत्याच्या मते ते कुजलेलं होतं.

“कुजलं नाही, वन्सं. आंबलंय,” आई म्हणायची.

“फरक काय?”

“चव घेऊन बघा, कळेल.”

आत्या चव घेत नसे. आमच्याकडे जेवायला बसली तरी तिच्या ताटात फक्त वाफाळतं अन्न. बरण्यांकडे ती अशी बघायची, जसा पोलीस सुटून आलेल्या माणसाकडे बघतो.

मी नऊ वर्षांची असताना मला जोरात उलट्या-जुलाब झाले. शाळेत बाहेरचं काहीतरी खाल्लं होतं, आणखी चार मुलींनाही तसंच झालं होतं, पण ते नंतर कळलं. आई मला घेऊन दवाखान्यात होती. आत्या कामावरून घरी आली, बाबांकडून तिला कळलं, आणि ती तडक आमच्या स्वयंपाकघरात गेली. चौदा बरण्या होत्या. तिनं एकेक उघडून सगळं मोरीत ओतलं, बरण्या उकळत्या पाण्यानं धुतल्या आणि ओट्यावर उलट्या मांडून ठेवल्या. बाबा दारात उभे होते. “ताई, निदान तिला विचारूया तरी,” एवढंच ते म्हणाले, आणि आत्यानं त्यांच्याकडे बघितल्यावर तेवढंही म्हणायचे थांबले.

आई परत आली. तिनं ओट्याकडे बघितलं. मला झोपवलं, बरण्या पुसल्या, फडताळात ठेवल्या. दुसऱ्या आठवड्यात तिनं पुन्हा कोबी आणला. तेव्हापासून आई आणि आत्या यांच्यात बोलणं राहिलं ते पाणी आलं का, दूधवाला आला का, इतकंच. एकोणीस वर्षं. भांडण असतं तर मिटलं तरी असतं.

*

आत्या सत्तावन्न वर्षांची असताना इस्पितळाच्या जिन्यावर घसरली. नडगीचं हाड मोडलं. आत सळई घातली, टाके घातले, आणि आठव्या दिवशी टाक्यांतून पू यायला लागला. त्या पुवाचा नमुना तिच्याच प्रयोगशाळेत गेला. तिच्या हाताखाली शिकलेल्या एका उंच मुलीनं तो वाढवला आणि कुठलं औषध चालेल ते कळवलं. आत्या खाटेवरून फोनवर तिला विचारत होती, “बशी दोनदा लावलीस ना? वाचताना उजेड नीट होता ना?”

प्रतिजैविकं सहा आठवडे चालली. आधी शिरेतून, मग गोळ्या. जखम भरली, हाड जुळलं. आत्या काठी टेकत घरी आली आणि तीन आठवड्यांत तिचं पोट बिघडलं.

सुरुवातीला तिनं कोणाला सांगितलं नाही. तिच्या न्हाणीघराचं पाणी दिवसातून बारा-बारा वेळा वाहायला लागलं, तेव्हा खाली आईच्या लक्षात आलं. आई वर गेली. आत्यानं दार उघडलं तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती.

पुन्हा इस्पितळ, पुन्हा नमुना. संध्याकाळी उंच मुलीचा फोन आला. मी शेजारीच बसले होते.

“मॅडम, तुमचा रिपोर्ट...”

“पॉझिटिव्ह. माहीत आहे मला. वासावरूनच कळलं.”

“मॅडम, मी दोनदा...”

“दोनदा केलीस, शाबास. आता हात साबणानं धू. ते नुसतं हाताला जेल लावून हा जंतू जात नाही, सांगितलंय ना तुम्हाला?”

फोन ठेवला आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. त्या वयानं आत्यापेक्षा लहान, पण बोलायला मोकळ्या. “असं बघा, आतड्यात एक अख्खी वस्ती असते. करोडो जंतू. बहुतेक आपापल्या कामात असतात. तुमच्या पायातला चोर पकडायला आम्ही सहा आठवडे फौज पाठवली, आणि फौजेनं गल्लीतली सगळी घरं रिकामी केली. मोकळी गल्ली बघून हा एक दांडगा येऊन बसला. शेजारपाजार असता तर त्याची टाप नव्हती.”

“मला माहीत आहे,” आत्या म्हणाली.

“माहीत तुम्हाला असणारच, बाई. पण ते दुसऱ्याच्या पोटाबद्दल माहीत होतं.”

औषधानं जुलाब थांबले. औषध संपल्यावर पंधरा दिवसांत परत सुरू झाले. पुन्हा औषध, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी औषध हळूहळू कमी करत नेलं, आधी रोज, मग दिवसाआड, मग दोन दिवसांआड, असं जवळजवळ अडीच महिने. आत्याचं वजन एकसष्ट किलोंवरून चव्वेचाळीसवर आलं. तिचे गाऊन तिच्यावर दोरीवर टाकल्यासारखे दिसायचे.

त्या सगळ्या काळात आई दिवसातून तीन वेळा जिना चढायची. गाळलेलं सूप, उकडलेला बटाटा, मऊ भात. दारातल्या बेसिनवर हात धुवायची, मगच आत पाऊल टाकायची. चादरी बदलायची. न्हाणीघर घासायची, तेही आत्या सांगेल त्याच द्रावणानं, सांगेल तितकी मिनिटं थांबून. दोघी तेव्हाही फारशा बोलत नसत. पण एकदा मी वर गेले तर आत्या डोळे मिटून पडली होती आणि आई तिच्या पायाला तेल लावत होती. मी आले तशी उलट पावली खाली गेले.

*

तो आजार अखेर गेला. पण आत्याचं पोट काही पूर्वीसारखं झालं नाही. जरा काही वेगळं खाल्लं की पोट डब्यासारखं फुगायचं, कळ यायची. त्याहून वाईट म्हणजे तिला खाण्याचीच भीती बसली. बटाटा, भात, टोस्ट, सूप. सफरचंद दिसलं तरी ती मान फिरवायची.

तपासणीला गेलो तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, “त्या जंतूंच्या कॅप्सूल मिळतात, त्या घेऊ का?”

“तुमच्या बाबतीत त्यानं नक्की फायदा होईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काहींना बरं वाटतं, काहींना काहीच होत नाही. आता गरज आहे ती हळूहळू साधं, वेगवेगळं खायची. भाज्या, फळं, कडधान्यं. वस्ती पुन्हा बसायची तर तिला खायला नको का?”

आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझी भावजय भाज्या मिठात आंबवते.”

“घरी? अरे वा. तुमची प्रतिकारशक्ती आता ठीक आहे, रक्त चांगलं आहे. अजून चार आठवडे असेच नीट जाऊ देत, मग चमचाभर घेऊन बघा. औषध म्हणून नाही हं, अन्न म्हणून.”

चार आठवडे झाल्यावर एका सकाळी आत्या काठी टेकत आमच्याकडे आली. आई ओट्याशी होती.

“वहिनी, एक बरणी देतेस?”

आईनं वळून बघितलं. “फेकायला?”

मी हातातला कप तसाच धरून उभी राहिले. आत्याचा चेहरा उतरला, पण तिनं नजर वळवली नाही.

“नाही,” ती म्हणाली. “तपासायला. तपासल्याशिवाय मी तोंडात घालणार नाही, हे तुला माहीत आहे.”

आईनं हात पुसले, खिडकीतून गाजर-कोबीची बरणी काढली आणि तिच्या हातात दिली. “ही सोळा दिवसांची. झाकण घट्ट आहे, जपून उघडा, उडेल अंगावर.”

तेव्हा आत्या अर्धा दिवस कामावर जायला लागली होती. निवृत्तीला दीड वर्ष होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांची तिनं रीतसर परवानगी मागितली. ते हसून म्हणाले, “बाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मागताय. करा.” या जातीच्या जंतूंना जी जेली आवडते ती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून तिनं दूध डेअरीच्या तपासणी विभागातल्या ओळखीच्या बाईंकडून मागवली. बरणीतल्या पाण्याचे थेंब बश्यांवर पसरले. त्यांना हवा कमी लागते म्हणून बश्या एका मोठ्या डब्यात ठेवल्या, आत मेणबत्ती लावली आणि झाकण बंद केलं. मेणबत्ती हवा खाऊन आपोआप विझते.

दोन दिवसांनी बश्यांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके होते, शेकड्यांनी. जुलाब करणाऱ्या जंतूंसाठी लावलेल्या बश्या कोऱ्या.

आत्याचा विश्वास बसला नाही. तिनं उंच मुलीला पुन्हा लावायला सांगितलं. तेच आलं. मग तिनं आईला नवी बरणी घालायला लावली आणि तिचा रोज नमुना नेला. रोज सकाळी कामावर जाताना खाली थांबायची, एका चिमुकल्या बाटलीत चमचाभर पाणी घ्यायची, कागदाची पट्टी बुडवून आंबटपणा बघायची आणि वहीत लिहायची.

दुसऱ्या दिवशीच्या बशीवर नको ते जंतू भरपूर होते. त्या संध्याकाळी ती जिना चढताना आमच्या दारात थांबली, चेहरा एकदम जुना, करडा. “बघ, मी म्हणत होते.” पण पाचव्या दिवशी ते निम्म्याहून कमी झाले, नवव्या दिवशी तुरळक राहिले, तेराव्या दिवशी नाहीसे. आणि ते पांढरे ठिपके वाढत गेले.

“यांनी त्यांना मारलं कसं, कळलं का तुला?” त्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मला सांगत होती. तिचे डोळे चमकत होते. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. “काही खास हत्यार नाही गं. भाजीतली साखर खातात आणि आम्ल सोडतात. पाणी आंबट होत जातं. यांना ते चालतं, बाकीच्यांना सोसत नाही. मीठ असतं म्हणून सुरुवातीला यांना जरा सवड मिळते. बस. बत्तीस वर्षं मी जंतू मारायला औषधं शोधत होते, आणि हे इथं खिडकीत...”

“वन्सं, सोळा दिवस म्हणाले होते मी,” आई भांडी आवरता आवरता म्हणाली. “त्याच्या आत मी कोणाला देतच नाही.”

“का देत नाहीस?”

“कच्चं लागतं.”

आत्या हसायलाच लागली. हसता हसता तिला खोकला आला.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली आणि ओट्यावर एक कागद ठेवून वर निघून गेली. इस्पितळाचा छापील रिपोर्टाचा कागद. रुग्णाच्या नावाच्या जागी ‘वहिनी’. नमुना: गाजर, कोबी, मीठ. पुढं तिच्या किरट्या अक्षरात सगळे आकडे. अभिप्राय: अपायकारक जंतू आढळले नाहीत. त्याखाली सही, आणि सहीच्या खाली आणखी एक ओळ होती. ‘चौदा बरण्या न तपासता फेकल्या. चूक माझी.’

आईनं तो कागद दोनदा वाचला. माझ्याकडे पाठ करून तिनं नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. मग वर गेली. मी मागोमाग गेले नाही, पण जिन्यात आवाज येतोच.

“अक्षर काही सुधारलं नाही तुमचं,” आई म्हणाली.

“कळलं ना पण?”

“कळलं.”

मग आत्या म्हणाली, “चहा टाकते. हात धू.”

*

पहिला चमचा तिनं आमच्याच टेबलावर घेतला, वेळ वहीत लिहून. चावला, गिळला, आणि थांबली, जसं काही आता कोणी आतून दार ठोठावणार आहे. “आंबट आहे,” म्हणाली. “बरंच चांगलं आहे.” दुसऱ्या दिवशी गॅस झाले. तिनं तीन दिवस बंद केलं आणि अर्ध्या चमच्यावर आली. मग आठवड्यानं एक चमचा, महिन्यानं दोन. सोबत डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली एकेक गोष्ट. आधी शिजवलेलं गाजर, मग पिकलं केळं, मग मसूर. सफरचंदाला चार महिने लागले. तेही तिनं सालीसकट खाल्लं, आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो म्हणून आमच्यावर खेकसली. वर्षाअखेरीस तिचं वजन चोपन्न किलो होतं.

बाबा सगळ्यांना सांगत सुटले की बायकोच्या बरण्यांनी ताई बरी झाली. आत्या त्यांना दर वेळी थांबवायची.

“जंतू गेला तो औषधानं. नंतर पोट सावरलं ते कशानं, मला माहीत नाही. बरणीनं असेल, मसुरीनं असेल, नुसते दिवस गेल्यानं असेल. मी एकटी. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.”

“पण ताई, तुला बरं वाटतं ना त्यानं?”

“वाटतं. वाटणं वेगळं.”

पण लोक ऐकतात थोडंच. इस्पितळात बातमी फुटली. एक्स-रेवाला आला, वॉर्डातल्या परिचारिका आल्या, जेवणघरातली मंडळी आली. कोणाला पोट साफ होत नव्हतं, कोणाला पित्त. आत्या बरणी देत नसे. ती कृती द्यायची, कागदावर उतरवून. किलोभर भाजीला बावीस ग्रॅम मीठ, वजन करून. (आई मुठीनं घालायची. आत्यानं तिची मूठ पाच वेळा काट्यावर तोलली, पाचही वेळा एकवीस ते तेवीस भरली.) भाजी सतत पाण्याखाली. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाका, रंगीत बुरशी आली किंवा घाण वास आला तर सगळी बरणी टाका, जीव अडकवू नका. आणि शेवटी जाड अक्षरात: मोठं आजारपण असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

याच शेवटच्या ओळीवरून तिचं शिंप्याशी बिनसलं.

शिंप्याचं दुकान आमच्या इमारतीच्या तळाशी. माणूस बोलका, गुणी. आत्याचे पांढरे कोट तोच शिवायचा, आणि ती वाळत गेली तसे त्यानंच ते न सांगता आत घेत नेले होते. सहा वर्षांपूर्वी त्याला त्याच्या बहिणीनं मूत्रपिंड दिलं होतं. एक दिवस त्यानं आत्याला कागद मागितला.

“गोळ्या चालू आहेत ना तुझ्या?” आत्यानं विचारलं.

“त्या तर जन्मभराच्या.”

“मग तुला नाही.”

एवढंच. गोड बोलणं तिला कधी जमलंच नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. शिंप्याचं तोंड लाल झालं. “सगळ्या इस्पितळाला वाटताय, बाई. मी काय पाप केलंय?” आत्या तोवर जिन्यावर पोचली होती. पुढच्या आठवड्यात तिनं कोट दिला तर तो तसाच परत आला, वेळ नाही म्हणून.

महिन्याभरानं एक्स-रेवाल्याच्या तोंडून कळलं की शिंप्यानं त्याच्याकडून एक बरणी नेली आहे. आत्या तशीच उठली. मला वाटलं आता शिंप्याची धडगत नाही, म्हणून मी मागे धावले.

बरणी दुकानातच होती, दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर, झाकण उघडलेलं. आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा हात पुढं झाला आणि थांबला. मग तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

“किती खाल्लंस?”

“आजच उघडली. एक घास.” तो मान वर न करता शिवत होता.

“मी ही उचलणार नाही. तुझी आहे. पण ऐक. तुझ्या गोळ्या तुझी फौज मुद्दाम झोपवून ठेवतात, का, तर बहिणीच्या मूत्रपिंडावर ती चाल करून जाऊ नये. माझ्या पोटात हे जंतू गेले तर राखणदार जागे आहेत. तुझ्याकडे नाहीत. शंभरात नव्व्याण्णव वेळा काही होणार नाहीही. पण मी नमुने बघितलेत ते उरलेल्या एकाचे. त्या दिवशी मी हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, नुसतं ‘नाही’ म्हटलं.”

मशीन थांबलं.

“फोन लाव तुझ्या डॉक्टरला,” ती म्हणाली. “माझं नको ऐकूस. त्यांना विचार.”

त्यानं खरंच लावला. आम्ही दोघी तिथंच बसून होतो. त्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण तो “बरं... बरं... एकच घास, हो... ताप आला तर लगेच येतो” असं म्हणत गेला. फोन ठेवून त्यानं बरणीला झाकण लावलं.

“चव मात्र झकास आहे हो,” तो खिन्नपणे म्हणाला.

“चव हवी असेल तर सूपमध्ये घालून चांगलं उकळ. जंतू मरतात, आंबटपणा राहतो. ते चालेल का, तेही विचारून घे.”

त्यानं पुढच्या तपासणीला विचारलं. चालेल म्हणाले. त्याला काही झालं नाही, ताप नाही, काही नाही. कोट दोन दिवसांत तयार होऊन आला, बटणं नवी लावून.

आत्यानं त्यानंतर तो कागद नव्यानं लिहिला. धोक्याची ओळ शेवटून उचलून सर्वांत वर नेली, आणि नुसता हुकूम न ठेवता कारण दोन वाक्यांत खाली लिहिलं. उंच मुलीनं तो टंकून दिला.

निवृत्त होऊन आता अकरा वर्षं झाली. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे. पाय थंडीत दुखतो. पोट ठीक आहे, अधूनमधून रुसतं. परवा माझ्या आईचं मनगट मोडलं, न्हाणीघरात पाय सरकून. आता प्लास्टर सुटेपर्यंत भाजी आत्या चिरते आणि आई खुर्चीत बसून सांगते. काल मी गेले तर कोबीवरून चाललं होतं.

“एवढा जाड नाही, वन्सं. पाणी सुटणार नाही त्याला.”

“सुटेल. वेळ लागेल.”

“मग वेळ लागेल ना? हिच्या घरी न्यायचाय तो शनिवारी.”

“शनिवार म्हणजे नऊच दिवस. नवव्या दिवशी मी नेऊ देणार नाही.”

“मग आधीच का नाही चिरलात?”

मी सुरी मागितली. दोघींनी एकदमच नाही म्हटलं.